नांदेड ते लातूर, भारी गिअरवर

नांदेड-लातूर रस्ता ज्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे, त्यांना तो सपाट वाटतो. मलाही वर्षानुवर्षं तसाच वाटत होता. सुलभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर लातूरचं. त्यामुळे या रस्त्यानं मी असंख्य वेळा गेलो आहे, आणि बहुतेक वेळा झोपेत. रस्त्याला चढ आहेत हे सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा बसल्यावर दुसरं काहीच कळत नाही.

या प्रवासाच्या आदल्या वर्षी माझ्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली होती. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हृदयावर ताण कशाचा, हे कोडं डॉक्टरांनाही सुटलं नाही. सायकलची परवानगी त्यांनी दिली, ती एका नियमावर. "चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्याचे शब्द सुटे पडायला लागले की उतरायचं. मग चढ कितीही लहान असो."

सुलभाचा नियम त्याहून सोपा होता. "लातूरपर्यंत सायकलवर गेलात तर पुन्हा कध्धी अडवणार नाही. गाडीत घालून आणलं तर सायकल दिलीपची."

दिलीप हा माझा मेहुणा. लातूरला त्याची डाळमिल आहे. अट ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं हेल्मेट विकत घेतलं.

सायकल गेल्याचं दुःख मी पचवलं असतं. पण सायकल गेली की मी कायमचा पेशंट होणार होतो. गेलं वर्षभर घरात माझ्याशी बोलताना आवाज खाली यायचा. दूध आणायला निघालो तरी "कधी येणार?" हा प्रश्न यायचा, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर गॅलरीत कुणीतरी उभं असायचं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोला जो मान मिळतो, तो मला हयातीत मिळू लागला होता.

नांदेड

त्या दिवसांत आमच्या भागाचा नवा जिल्हा व्हावा म्हणून एका समितीनं नांदेड ते लातूर सायकल रॅली काढली. नव्या जिल्ह्याविषयी माझं मत विचाराल तर ते नाही. जुन्या जिल्ह्याचं काय झालं, हेच अजून मला नीट कळलेलं नाही. पण रॅलीबरोबर अ‍ॅम्ब्युलन्स होती, आणि त्या एका गोष्टीवर सुलभानं होकार दिला. ती स्वतः एसटीनं पुढं लातूरला गेली.

रॅलीच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत "जिल्हा झालाच पाहिजे" असं होतं आणि त्याआधी बरीच मोकळी जागा होती. मुख्यालय कुठं करायचं यावर समितीत एकमत नव्हतं. म्हणून जे गाव येईल त्या गावाच्या नावाची कागदी पट्टी त्या जागेवर चिकटवायची आणि गाव ओलांडलं की काढायची, असा तोडगा निघाला होता. इतकी प्रामाणिक राजकीय घोषणा मी दुसरी पाहिलेली नाही.

अध्यक्ष होते भाऊसाहेब. गोल, गोरे, घामाघूम आणि स्वभावानं गोड. त्यांची सायकल गाडीच्या टपावर बांधलेली असे. गावाची वेस आली की ड्रायव्हर रऊफभाई ती उतरवायचे, भाऊसाहेब हार घालून तीवर बसायचे, बँड वाजायचा, फोटो निघायचा, आणि वेशीपलीकडे सायकल पुन्हा टपावर.

माझ्या सोबतीला वाघमारे होते. पाटबंधारे खात्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. रोज पहाटे आम्ही गोदावरीच्या काठानं बरोबर सायकल चालवतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि नदीत पाण्यापेक्षा क्रिकेट जास्त होतं. "सर, आमच्या खात्याचे पाट गेले, आता नुसते बंधारे राहिले," असं ते प्रत्येक पुलावर म्हणत. विनोद जुना झाला तरी पाणी आलेलं नव्हतं, त्यामुळे तो चालत होता.

आता थोडं गिअरबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या सायकलला पायडलपाशी दोन चक्र्या आहेत आणि मागच्या चाकाला दहा. मागची चक्री जितकी मोठी, म्हणजे तिला दात जितके जास्त, तितकं पायडल हलकं. पाय भराभर फिरवावे लागतात, सायकल बैलगाडीच्या वेगानं जाते, पण छाती शाबूत राहते. मागची चक्री लहान असली की उलट. सायकल पळते, आणि तिच्यामागं छातीही. दुकानदारांच्या भाषेत पहिला हलका गिअर, दुसरा भारी गिअर. सपाटीवर माणूस कोणताही गिअर मिरवू शकतो. निवड करायची ती सगळ्यात वाईट चढाकडं बघून.

हे मला माहीत होतं. मागच्या जुन्या चक्र्या झिजल्या होत्या, त्यांतल्या सगळ्यात मोठीला अठ्ठावीस दात होते. नव्या घेताना सगळ्यात मोठी बत्तीस दातांची घ्यावी असं मी ठरवलं. त्या आठवड्यात पेपर तपासत असल्यामुळे दुकानात सायकल पोचवायचं काम वाघमारेंनी केलं, आणि दुकानदार अझहरला ते सांगून आले, "सरांना घाट चढायचाय. एकदम भारी गिअर टाक."

निघायच्या आदल्या संध्याकाळी सायकल आली. मागच्या चक्र्या छोट्या, चकचकीत, देखण्या दिसत होत्या. मी तो नीटनेटकेपणा उंची मालाचा समजलो.

लोहा

सकाळी निघालो तेव्हा गार होतं. सोनखेडपर्यंत रस्ता दयाळू आहे. दोन्ही बाजूंना मोकळी काळी रानं, मधेच पाण्याच्या टँकरच्या मागं ठिबकत गेलेली ओली रेघ. त्या रेघेवर चिमण्या बसलेल्या होत्या आणि टँकर पुढं गेला की उडून पुढं जात होत्या.

लोह्याच्या अलीकडं एक लहानसा चढ लागला. मी गिअर हलका करत गेलो आणि दोन खटक्यांतच गिअर संपले. पुढं काही नव्हतंच. पायडल दाबलं तर ते विहिरीवरच्या रहाटासारखं आलं.

"काय सर, कसं वाटून राहिलंय?" वाघमारे शेजारून.

"जड."

"पूर्ण वाक्य बोला."

"जड... आहे."

"उतरा!"

उतरलो. छातीत ढोल वाजत होता. वाघमारेंनी वाकून चाक फिरवलं, बोटानं दात मोजले आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, याच्यात मोठी चक्री तेवीस दाताची हाय. हे तर शर्यतवाल्यांचं!"

त्यांनी तिथूनच अझहरला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काका, तुमीच म्हनले ना भारी टाक."

"अरे बाबा, भारी म्हणजे मस्त! माझी नात म्हणती तसं. भारी पिच्चर, भारी ड्रेस!"

"मग मस्त म्हनायचं ना काका. गिअरमंदी भारी म्हंजे भारीच ऱ्हाते. मी म्हनलं, सर एवढे दवाखान्यातून आले आन भारी मागून ऱ्हायले, लई जिगर हाय."

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांचे अर्थ कसे सरकत जातात, यावर वर्गात तासन् तास बोललो आहे. साठीचा म्हातारा पोरांचा अर्थ वापरतो आणि पंचविशीचा पोरगा आजोबांचा, असं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं. आणि या घडीला त्याचा आनंदही होत नव्हता, कारण पुढं माळाकोळी होती आणि माळाकोळीनंतर घाट.

"ढकलत नेऊ सायकल," वाघमारे म्हणाले.

पण मागं टेम्पो होता. दर गावात सत्काराची वेळ ठरलेली असल्यामुळे जो मागं राहील त्याला सायकलसकट टेम्पोत घ्यायचं, असा समितीचा नियम होता. टेम्पोवाला कामसू होता. आम्ही नुसते थांबलेलो पाहून त्यानं फाळका खाली केलाही होता.

"बसता का सर? गादी टाकलेली हाय."

"न्हाई न्हाई," वाघमारे म्हणाले, "सर निसर्ग पाहून राहिलेत."

टेम्पोवाल्यानं चहूकडं पाहिलं. निसर्ग म्हणून एक बाभूळ होती.

माळाकोळी

लोह्यात स्वागत झालं. पट्टी चिकटली, केळी वाटली गेली. केळी अर्धापूरची होती आणि भाषण लोह्याचं. दोन्हींत केळी उजवी. नाष्ट्याला सुशिला होता. पुण्याचा एक पाहुणा आमच्या घरी पूर्वी हे नाव ऐकून चपापला होता; सकाळी सकाळी सुशिला खायला या म्हणजे काय! ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. पोह्यांपेक्षा हलका आणि वाद कमी.

मी खात होतो पण लक्ष भाऊसाहेबांच्या सायकलीवर होतं. रऊफभाई ती टपावर चढवत होते. ती माझ्याच कंपनीची, माझ्याच मॉडेलची होती. मागं दहाच चक्र्या. फक्त शेवटची चक्री ताटलीएवढी दिसत होती. वाघमारेंनी जाऊन दात मोजले. तीस.

"साहब का वजन देख के दुकानवालेने सबसे हलका डाल्या," रऊफभाई म्हणाले. "साहब कू क्या मालूम. साहब तो गिअर कू हातच नै लगाते."

चाक बदलायला एक खटका उघडावा लागतो, बस्स. पण दुसऱ्याच्या सायकलचं चाक विचारल्याशिवाय कसं घ्यायचं? भाऊसाहेब गाडीत एसी लावून बसले होते. मी काचेवर टकटक केलं आणि सगळं सांगितलं. जाळी, डॉक्टर, बायको, मेहुणा. दात आणि चक्र्या त्यांच्या कानावरून गेल्या असाव्यात, पण मेहुण्यानं हेल्मेट घेतल्याचं ऐकून ते सरळ झाले.

"मेहुण्याला सायकल? आजिबात न्हाई! घ्या सर, काय पाहिजे ते घ्या. फक्त फोटोपुरती माझी उभी राहिली पाहिजे बघा."

वाघमारे आणि रऊफभाईंनी चाकं बदलली. माझ्या सायकलची साखळी नव्या चाकावर किंचित कुरकुरली, पण बसली. "पुढची मोठी आन मागची मोठी एका वेळी लावायची न्हाई सर, साखळी ताणंल," अशी तंबी मिळाली. भाऊसाहेबांच्या सायकलला माझं तेवीस दातांचं चाक लागलं आणि ती टपावर गेली.

घाटाच्या पायथ्याला एका घरासमोर पाणी मागितलं. दुष्काळात पाणी मागायला उधार मागण्यापेक्षा जास्त लाज वाटते. ओट्यावरच्या बाईनं आधी गुळाचा खडा हातावर ठेवला. तांब्या भरून दिला, आणि म्हणाली, "तुमी प्या. सायकलीला नका पाजू." शहरात आम्ही अलीकडं पाहुण्याला "पाणी घेणार का?" असं विचारायला शिकलो होतो. तिनं किती पाहिजे तेही विचारलं नाही.

मग घाट. लांबून पाहिला तर फार काही नाही, खांद्यावरून घसरलेल्या उपरण्यासारखा एक रस्ता. पण वळणावळणानं तो जात राहतो आणि सावली देत नाही. मी सगळ्यात मोठ्या चक्रीवर साखळी टाकली. पाय फिरायला लागले. सायकल इतकी हळू चालली होती की एक मुंगळा काही वेळ बरोबरीनं होता. मागं टेम्पोचं इंजिन गुरगुरत होतं.

"बोला सर."

"काय बोलू?"

"दोन शब्द झाले. वाक्य पाहिजे."

मी बोलत राहिलो. आधी हवामानावर, मग कॉलेजच्या प्राचार्यांवर, मग तेही संपलं तेव्हा समासावर आलो. तत्पुरुष झाला, द्वंद्व झाला. दुसऱ्या वळणावर बहुव्रीही लागला आणि तोही एका श्वासात उदाहरणासह पार पडला. छाती चालत होती, पण ढोल नव्हता. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता आणि मला काही म्हणता काही वाईट वाटत नव्हतं.

"सर," वाघमारे धापा टाकत म्हणाले, "तुमचं हार्ट वाचलं. आता... माझं डोस्कं..."

"पूर्ण वाक्य बोला, वाघमारे."

त्यांनी बोटानं मला गप्प राहायची खूण केली. त्यांच्याकडं अठ्ठावीसच दात होते.

माथ्यावर पोचलो तेव्हा टेम्पोवाल्यानं शेजारून गाडी काढत खिडकीतून बघितलं आणि जरा नाराजीनंच हॉर्न दिला. मी उतरून कठड्यावर बसलो. खाली सगळा मुलूख करपलेल्या भाकरीच्या रंगाचा होता. एवढा सुंदर मुलूख मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

अहमदपूरच्या अलीकडे

घाटाच्या पुढच्या एका गावात भाऊसाहेबांचं स्वागत होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना पुन्हा जायचं असतं. वेशीपासून देवळापर्यंत रस्ता चढाचा. तिथल्या उत्साही मंडळींनी रस्त्यावर सडा घालण्यासाठी चक्क पाण्याचा टँकर आणून उभा केला होता. रांगोळीवर धूळ उडू नये म्हणून. टँकरभोवती बायका घागरी घेऊन उभ्या होत्या आणि एक कार्यकर्ता त्यांना मागं सारत होता.

"भाऊ येनार म्हून मातीला पानी," एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आन आमी हितं जल्मलो तर आमाला न्हाई."

"मावशे, जरा दम धर. भाऊ देवळात गेले की बघू."

बँड सुरू झाला. भाऊसाहेब हारासह सायकलवर बसले. दोन पायडलं झाली. तिसऱ्याला सायकल चढाला लागली आणि माझ्या तेवीस दातांनी त्यांना धरलं. त्यांचा चेहरा हाराच्या रंगाचा झाला. चौथं पायडल अर्धं खाली गेलं आणि तिथंच राहिलं. सायकल डावीकडं कलली, रऊफभाई धावले, आणि भाऊसाहेब पाय टेकून बरोबर टँकरसमोर उभे राहिले.

बँड थांबला. घागरीवाल्या बायकांना वाटलं, भाऊ आपल्यासाठी थांबले. त्या सरकल्या आणि त्यांनी भाऊसाहेबांना घेरलं. म्हातारीनं त्यांच्या हँडलवरच रिकामी घागर टेकवली.

"बोल रे बाबा. पानी रस्त्याला का आमाला?"

भाऊसाहेबांना बोलायला श्वास नव्हता. डॉक्टरांच्या नियमानं पाहिलं तर ते केव्हाच बाद झाले होते. त्यांनी नुसता हात वर करून टँकरकडं आणि मग घागरीकडं दाखवलं. दोनच खुणा, पण वाक्य पूर्ण होतं. तोटी उघडली. बायका भरभरून घेऊन गेल्या. सड्याला शिल्लक राहिलं नाही आणि रांगोळीवर यथावकाश धूळ बसली. श्वास परत आल्यावर भाऊसाहेबांनी हा टँकर आपण मुद्दाम मागवल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या घेतल्या. म्हातारी टाळ्या न वाजवता गेली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

रात्रीचा मुक्काम अहमदपूरला एका शाळेत होता. जेवायला धपाटे, दही आणि लसणाची चटणी. भाऊसाहेब मांडी घालून शेजारी बसले.

"सर, तुमचं चाक लई भारी आहे हो."

कोणत्या अर्थानं, ते मी विचारलं नाही. त्यांचं चाक परत करण्याविषयी मी काही बोलायच्या आत त्यांनीच हात हलवला. "लातूरपर्यंत राहू द्या. उद्या मी गाडीतूनच हात दाखवतो."

लातूर आणि औसा

दुसऱ्या दिवशी चाकूर मागं पडलं आणि दुपारी लातूर आलं. शहराच्या तोंडाशीच रिक्षा, दुचाक्या आणि क्लासला चाललेल्या मुलांचे लोंढे. आणि सगळ्यांतून वाट काढत टँकर. दुचाकीवर नवरा, बायको आणि मधे पाण्याची कॅन, अशी कुटुंबं दिसत होती. पुढं महिन्याभरात या शहराला रेल्वेनं पाणी येणार होतं, पण तेव्हा ते कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. रॅली सभेच्या मैदानाकडं वळली. मी भाऊसाहेबांचे आभार मानले, रऊफभाईंनी चाकं पुन्हा जागच्या जागी लावली, वाघमारे लेकीकडं गेले आणि मी सपाट गल्ल्यांतून डाळमिलच्या वासामागं दिलीपच्या घरी पोचलो.

दिलीप दारात होता. त्यानं सायकलकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग रस्त्यावर मागं टेम्पो दिसतो का ते पाहिलं.

"चालवत आलात?"

"चालवत आलो."

"सगळा रस्ता?"

"सगळा रस्ता मी एक क्षणही न थांबता बोलत आलो, वाघमारेंना विचार."

सुलभा आतून आली. अर्धी बादली पाणी बाथरूममध्ये ठेवलंय एवढं सांगितलं. ती अर्धी बादली म्हणजे त्या घराचा केवढा पाहुणचार होता, हे लातूरकर असल्याशिवाय कळणार नाही. मी अंघोळीचं पाणी खाली परातीत साठवून बाहेर आणून दिलं. दिलीपनं ते कुंडीला घातलं आणि त्याच्या मनातली सायकल तिथंच वारली असावी.

संध्याकाळी तोच मला एका सायकलच्या दुकानात घेऊन गेला. या वेळी मी एकही विशेषण वापरलं नाही. "मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला बत्तीस दात," एवढंच म्हणालो. दुकानदारानं विचारलं, "हलकं पाहिजे का भारी?" मी म्हणालो, "बत्तीस." नव्या चक्र्या आणि त्यांना झेपेल अशी साखळी बसली. पन्नाशी ओलांडलेल्या, छातीत जाळी असलेल्या आणि घाटात समास सांगण्याची हौस असलेल्या वाचकांना माझा सल्ला एवढाच आहे. आकडा सांगा, आणि तो मोठा सांगा. तुम्हाला हसणारे तुमच्या आधी चढावर उतरतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. औशाचा किल्ला पाहायचं बरीच वर्षं मनात होतं. लातूरपासून वीसेक किलोमीटर. वाघमारे नव्हते, अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती, टेम्पो नव्हता. सुलभा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी बूट घालत म्हणालो, "जरा औशाला जाऊन येतो."

"जेवायला आमटी आहे," ती म्हणाली. "गार झाली तर तुमची तुम्ही गरम करून घ्या."

मी सायकल बाहेर काढली. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर सवयीनं मागं वळून पाहिलं. इथल्या गॅलरीत कुणीही नव्हतं.